खजिन्यावरची मोहोर

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. बलाढ्य राष्ट्रांनी वसाहती का स्थापन केल्या, याची कारणे पाठ्यपुस्तकात ओळीने दिलेली आहेत : कच्चा माल, बाजारपेठ, राष्ट्राभिमान, धर्मप्रसार, मागासांची सुधारणा. मुले विचारतात, की यांतले खरे कारण कोणते? त्यांना काय सांगावे?

उत्तर : पुस्तकातली यादी चुकीची नाही, मात्र ओळीने लिहिल्यामुळे सगळी कारणे सारख्याच वजनाची वाटू लागतात आणि कारण कोणते, निमित्त कोणते, हा भेद पुसला जातो. तो भेद मुलांना दाखवायचा असेल, तर आपल्याला लांब जाण्याची गरज नाही. त्यांना एकदा कित्तूरच्या पडक्या किल्ल्यात घेऊन जावे आणि 1824 सालची हकिगत तिथेच उभे राहून सांगावी.

1818 मध्ये जनरल मन्रोने बेळगावच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा कित्तूरच्या देसायांनी पेशव्यांच्या विरोधात इंग्रजांना मदत केली होती. त्या बदल्यात त्यांचे संस्थान त्यांच्याकडे ठेवण्यात आले. सहाच वर्षांनी शिवलिंगरुद्र सर्जा देसाई निपुत्रिक वारले. मृत्यूपूर्वी घेतलेला दत्तक कंपनी सरकारने मानला नाही. कागदोपत्री सगळा वाद दत्तकाच्या वैधतेचा होता. परंतु धारवाडचा कलेक्टर सेंट जॉन थॅकरे कित्तूरला आला, तेव्हा त्याने खजिन्याला मोहोर लावली आणि त्यावर पहारा बसवला. दत्तक खरा की खोटा, याचा निवाडा व्हायचाच होता, पण तिजोरी तेवढी थांबायला तयार नव्हती. 23 ऑक्टोबरच्या लढाईत थॅकरे मारला गेला, डिसेंबरात किल्ला पडला, राणी चन्नम्मा बैलहोंगलच्या कैदेत 1829 मध्ये वारल्या आणि संगोळ्ळी रायण्णांना 1831 मध्ये आपल्याच तालुक्यात, नंदगडला फाशी देण्यात आले. आपल्या विद्यार्थ्यांपैकी काहींचे जाणे-येणे नंदगडवरूनच होत असेल.

मुलांना एवढेच विचारावे, की साहेबाने पहिला हात कशाला घातला? हा प्रश्न जगात कुठेही लावता येतो. 1765 मध्ये बंगालची दिवाणी मिळाल्यानंतर कंपनी तिथल्या रयतेकडून सारा वसूल करी आणि त्याच पैशातून तिथलाच माल विकत घेऊन विलायतेला पाठवी, म्हणजे मालही आपला आणि त्याची किंमतही आपल्याच खिशातून. दादाभाई नौरोजींनी पुढे ज्याला संपत्तीचे निःसारण म्हटले, त्याचे मूळ इथे आहे. आफ्रिकेच्या संदर्भात 1884-85 मध्ये बर्लिनला युरोपीय राष्ट्रांची जी परिषद भरली, तिच्या करारात गुलामांचा व्यापार बंद करण्याची आणि स्थानिक लोकांच्या कल्याणाची भाषा आहे. त्याच सुमारास बेल्जमचा राजा दुसरा लिओपोल्ड काँगोचा खासगी मालक झाला. तिथे गावागावांवर रबराचा कोटा बसवला गेला, कोटा पुरा न करणाऱ्यांची बायकामुले ओलीस धरली गेली आणि माणसांचे हात तोडले गेले. हा अत्याचार एवढा गाजला, की 1908 मध्ये राजाला तो मुलूख बेल्जमच्या सरकारकडे सोपवावा लागला.

तरीही सगळे पैशानेच घडले, असे सांगू नये. आपण जागा घेतली नाही तर शेजारचे राष्ट्र घेईल, ही धास्ती फार मोठी होती, आणि काही प्रदेश केवळ त्या धास्तीपोटी ताब्यात घेतले गेले. शिवाय इच्छा जुनीच असली, तरी साधने एकोणिसाव्या शतकात हाती आली. क्विनाइनमुळे हिवतापाच्या प्रदेशात गोरा सैनिक टिकू लागला, आगबोटी नद्यांतून आत शिरल्या आणि मॅक्झिम मशीनगनपुढे भाले-बंदुका चालेनात. मिशनऱ्यांमध्येही मनापासून शाळा आणि दवाखाने चालवणारी माणसे होती, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण राज्य कुठवर पसरायचे, हे त्यांच्या विचाराने ठरत नव्हते.

प्रश्न : आमच्या घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, की इंग्रजांनी रेल्वे आणली म्हणून दुष्काळात माणसे जगली, नाहीतर आपल्याकडे काय होते? हे कितपत खरे आहे? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : आपल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे पूर्ण खोडून काढता येणार नाही. पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा, हुबळी हा सदर्न मराठा रेल्वेचा मार्ग 1880 च्या दशकात उभा राहिला, आणि 1876-78 च्या महादुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाच्या शिफारशी हे त्यामागचे एक कारण होते. त्यानंतर या भागात धान्य लवकर पोहोचू लागले, हे खरे आहे. पण गोष्ट रेल्वेपासून सुरू केली, की तिच्या आधीची पंधरा-वीस वर्षे नजरेआड होतात, आणि मला त्या वर्षांबद्दल सांगायचे आहे.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, आणि त्यांचे लक्ष धारवाड, हुबळी, बैलहोंगलच्या काळ्या जमिनीकडे वळले. त्याआधीच, 1840 च्या दशकात, सरकारने या भागात अमेरिकन कापसाची लागवड सुरू करून दिलेली होती, कारण लांब धाग्याचा तो कापूस तिकडच्या यंत्रांना मानवे. युद्धाच्या काळात भाव चढले, तसे शेतकऱ्यांनी जोंधळा कमी करून कापूस वाढवला. बैलगाड्यांच्या रांगा घाट उतरून कुमठ्याच्या बंदरात जात आणि तिथून गलबते मुंबईला. 1865 मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि चढत्या भावाच्या भरवशावर काढलेले सावकाराचे कर्ज मात्र तसेच राहिले. अकरा वर्षांनी पाऊस गेला, तेव्हा धान्याचे बळद रिकामे आणि घर कर्जात, अशी अनेकांची स्थिती होती.

त्या दुष्काळात सरकारने रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याला पाठवले. त्याने दुष्काळी कामावरच्या पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा एवढी ठरवली. एक पौंड म्हणजे आजचे साडेचारशे ग्रॅम. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाने त्यावर राहायचे! आपल्या मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी या मजुरीवर काम करण्याचे नाकारले, तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. आणि हे चालू असताना हिंदुस्थानातून गव्हाची निर्यात थांबली नव्हती. बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या 1872 च्या शिरगणतीपेक्षा 1881 मध्ये कमी भरली. तेव्हा रेल्वेने पुढे माणसे जगवली असे म्हणताना, त्यांना मरणाच्या दारात कोणी आणून उभे केले, हेही त्याच दमात म्हटले पाहिजे.

रानाचेही तसेच झाले. रुळांखालच्या स्लीपरसाठी आणि जहाजांसाठी सागवान लागे. 1878 च्या कायद्याने जंगले राखीव झाली आणि सह्याद्रीच्या कडेच्या वस्त्यांची कुमरी शेती, म्हणजे रान तोडून-जाळून केलेली फिरती शेती, गुन्हा ठरू लागली. ज्या रानातून आजोबांनी नाचणी काढली, तिथून सरपण आणल्याबद्दल नातवाला दंड झाला. राखीव जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांना हे इतिहास म्हणून शिकवावे लागत नाही.

प्रश्न : आपला सीमाप्रश्न ही इंग्रजांचीच देणगी आहे, असे म्हणता येईल का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : अर्धेच म्हणता येईल. इंग्रजांनी इलाखे पाडले ते भाषा पाहून नव्हे, तर मुलूख ज्या क्रमाने जिंकला आणि ज्या सोयीने चालवता आला, त्यानुसार. म्हणून बेळगाव मुंबई इलाख्यात राहिले आणि त्याला लागून असलेले शहापूर सांगली संस्थानात. आज एकच शहर असलेल्या या गावात एका पेठेतून दुसऱ्या पेठेत जाताना राज्य बदलत असे. आफ्रिकेत याहून वाईट झाले : एकट्या सोमाली लोकांचा प्रदेश ब्रिटिश, इटालियन, फ्रेंच आणि इथिओपियन अशा सत्तांत वाटला गेला, आणि स्वतंत्र झालेल्या आफ्रिकी राष्ट्रांनी 1964 मध्ये कैरो येथे त्याच सीमा मान्य करून टाकल्या, कारण त्या मोडायला घेतल्या तर युद्धे थांबणार नाहीत, अशी त्यांना भीती होती.

आपल्याकडे मात्र 1956 ची राज्यपुनर्रचना, 1966 मध्ये नेमलेला महाजन आयोग आणि 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेला दावा, हे सगळे स्वराज्यात घडलेले आहे. त्या निर्णयांचा जाब आपण आपल्याच सरकारांना विचारला पाहिजे. तो लंडनच्या पत्त्यावर पाठवता येणार नाही.