हात आखडू नकोस

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचलं. ठिसूळ हाडांचा आजार असलेल्या मुलांच्या कुटुंबांबरोबर काम करायचं तू ठरवलंस, आणि पहिल्याच भेटीत आईनं बाळ तुझ्यापुढे धरलं तेव्हा तू हात मागे घेतलेस. ‘माझ्या हातून काही मोडलं तर?’ असं विचारलंयस. या एका प्रश्नावर तुझं पुढचं सगळं काम अवलंबून आहे, म्हणून उत्तर लांबलं तरी शांतपणे वाच.

या कामात टिकलीस, तर कधी ना कधी तुझ्यादेखत कुणाचं तरी हाड मोडेल. कदाचित तुझ्याच हातात मोडेल, आणि तुझी काही चूक नसताना मोडेल. आजार तीव्र असेल तर नुसती कूस बदलताना, शिंकताना, बाहीतून हात काढतानाही हाड मोडू शकतं. ‘फ्रॅक्चर होऊ न देणं हेच माझं काम’ असं मनाशी धरलंस, तर पहिल्याच फ्रॅक्चरनंतर तू स्वतःला दोष देत काम सोडशील. नाही सोडलंस, तर पुढचं टळावं म्हणून त्या मुलाला जागोजागी अडवू लागशील. हे अडवणं जास्त वाईट, कारण ते मायेपोटी होतं आणि त्याला कुणी हरकत घेत नाही. आपलं काम निराळं आहे. हाड मोडलं तरी त्या माणसाचं शिकणं, खेळणं, मैत्री, कमाई थांबू नये यासाठी लागेल ते करायचं. आणि किती धोका पत्करायचा हे ज्याचं शरीर त्याला ठरवू द्यायचं. तो अगदी लहान असेल तर त्याच्या आईवडिलांना.

आधी आजार नीट समजून घे, कारण अर्धी भीती न कळण्यातून येते. ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा, सगळे ज्याला ओआय म्हणतात तो हा आजार, साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका बाळाला होतो. बहुतेकांत दोष असतो तो टाईप १ कोलॅजेन या प्रथिनाची कृती ठरवणाऱ्या दोन जनुकांपैकी एकात. सिमेंटच्या खांबात लोखंडी सळ्या असतात, तसं हाडात कोलॅजेन असतं. सळ्याच कमी किंवा वाकड्या असतील तर वरून कितीही सिमेंट ओतलं तरी खांब भक्कम होत नाही. म्हणून नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांनी हा आजार बरा होत नाही. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम पुरेसं असायला हवं, पण ते कमी पडलं म्हणून आजार झालेला नसतो.

हे तुला आईसमोर ठामपणे म्हणता आलं पाहिजे. गरोदरपणात तू नीट खाल्लं नाहीस, वजन उचललंस, काळजी घेतली नाहीस, असं तिला कुणी ना कुणी ऐकवलेलं असतं, आणि बऱ्याचदा ते तिनं स्वतःच स्वतःला ऐकवलेलं असतं. खरं कारण जनुकातला बदल. आईवडिलांपैकी कुणालाच आजार नसताना तो बदल बाळात नव्यानं होऊ शकतो. ज्याला आजार आहे त्याच्याकडून तो प्रत्येक मुलाकडे जाण्याची शक्यता सहसा ५० टक्के असते. काही विरळ प्रकारांत आई आणि वडील दोघंही निरोगी वाहक असतात. ‘पुढच्या बाळाचं काय?’ या प्रश्नाला तू अंदाजानं उत्तर देऊ नकोस. जनुकीय समुपदेशकाकडे पाठव. पण ‘तुमच्या हातून काही चुकलं नाही’ हे सांगायला कुणाची परवानगी लागत नाही. पहिल्याच भेटीत सांग, आणि पुढेही सांगत राहा, कारण एकदा ऐकून ते पटत नाही.

१९७९ साली डेव्हिड सिलेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराचे चार प्रकार मांडले. पुढे त्यांत आणखी भर पडली. पहिला सौम्य, तिसरा तीव्र, चौथा मधला. मात्र एकाच कुटुंबात, एकाच जनुकीय बदलामुळेही एकाला दोन-चार फ्रॅक्चर आणि दुसऱ्याला डझनावारी असं घडतं, तेव्हा प्रकाराच्या आकड्यावरून कुणाच्या आयुष्याचं भाकीत करू नकोस. दुसऱ्या प्रकारातली बहुतेक बाळं जन्माच्या आगेमागेच जातात. ज्यांचं बाळ असं गेलं त्यांच्याकडे सहसा कुणी फिरकत नाही. पाहायला मूल नाही, तर मदत कसली, असं लोकांना वाटतं. तू जा. बाळाचं नाव ठेवलं असेल तर ते नाव घेऊन बोल.

आता हातांविषयी. बाळाला उचलताना बोटं पसरून पूर्ण तळहाताचा आधार दे. एक हात डोकं आणि खांद्यांखाली, दुसरा बुडाखाली. जोर एका ठिकाणी न पडता पसरला पाहिजे. काखेत हात घालून वर उचलायचं नाही. लंगोट बदलताना दोन्ही पाय घोट्याला धरून वर करायचे नाहीत. बुडाखाली हात सरकवून हलकेच उचलायचं. कपडे समोरून उघडणारे आणि सैल असावेत. बाहीत हात घालताना बाळाचा हात ओढायचा नाही. बाहीच्या तोंडातून आपला हात आत घालून बाळाचा पंजा धरायचा आणि कापड त्याच्या हातावर चढवायचं. ओढणं, पिळणं, दाबणं आणि जबरदस्तीनं वाकवणं या चार गोष्टी वर्ज्य. बाळाला सतत एकाच कुशीवर किंवा पाठीवर ठेवू नये, कारण कवटी मऊ असते आणि एका बाजूला चपटी होते. हे सगळं आईकडून तिच्या देखरेखीखाली शीक, आणि मग बाळाला घे. ज्या बाळाला घाबरून कुणी कडेवरच घेत नाही, त्याचं नुकसान फ्रॅक्चरपेक्षा कमी नसतं.

मोठ्या मुलाला आणि प्रौढाला हात लावण्याआधी ‘कसं धरू?’ असं विचार. त्यांना आपलं शरीर इंचाइंचानं माहीत असतं. त्यांनी ‘नको, मीच उतरतो’ म्हटलं तर थांब. व्हीलचेअरला न विचारता हात लावू नकोस. उंबरठ्यावर अनपेक्षित बसलेला एक धक्काही पुरतो.

हाड मोडलं तर? मोडलेला अवयव सरळ करायला जाऊ नकोस. आहे त्याच स्थितीत त्याला आधार दे, हालचाल थांबव, आणि मुलाला विचार. किती तरी मुलं कुठलं हाड मोडलं ते एक्स-रेच्या आधी अचूक सांगतात. बारीक चीर पहिल्या एक्स-रेत कधीकधी दिसतही नाही, म्हणून ‘काही झालेलं नाही’ या शब्दांवर लगेच विसंबू नये. आणि एक गैरसमज मनातून पुसून टाक. ‘इतकी फ्रॅक्चर झाली आहेत, आता सवय झाली असेल’ हे साफ खोटं आहे. विसाव्या वेळी मोडलेलं हाडही पहिल्याइतकंच दुखतं. मूल रडत नसेल तर ते आईला घाबरवायचं नाही म्हणून गप्प बसलेलं असू शकतं. वेदनाशामक औषध वेळेवर मिळावं यासाठी रुग्णालयात तुला आवाज चढवावा लागला तरी चढव.

रुग्णालयात आणखी एका कठीण प्रसंगाची तयारी ठेव. लहान बाळाच्या अंगावर जुनी-नवी फ्रॅक्चर दिसली की आईवडिलांनी मारहाण केली असावी असा संशय येतो. डॉक्टरांनी तसा विचार करणं चूक नाही. मारहाण झालेली मुलंही असतात आणि त्यांना वाचवायचं असतं. पण निदान न झालेल्या किंवा निदानाचा कागद जवळ नसलेल्या कुटुंबासाठी तो प्रसंग जन्मभराची जखम ठरतो. म्हणून निदान, तपासण्या, औषधं आणि हाताळण्याच्या सूचना लिहिलेलं डॉक्टरांचं पत्र कायम जवळ ठेवायला सांग. त्यात रक्तदाबाच्या पट्ट्याचा उल्लेख हवा, कारण आपोआप घट्ट आवळणाऱ्या पट्ट्यानं दंडाचं हाड मोडू शकतं. भूल द्यायची असेल तर मान मागे वाकवताना घ्यायची काळजीही त्यात हवी.

फ्रॅक्चरच्या दिवशी घर माणसांनी भरतं. तुझी खरी गरज तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात असते, जेव्हा प्लास्टरमधलं मूल छताकडे पाहत पडलेलं असतं आणि आई झोपेशिवाय वेडीपिशी झालेली असते. तेव्हा दोन तास तिथे बस, आईला बाहेर पाठव. घरात भावंड असेल तर त्याच्याकडेही लक्ष दे. ‘ताईला धक्का लागेल, जपून’ एवढंच दिवसभर ऐकणारं ते मूलही थकलेलं असतं, आणि त्याच्या हातून फ्रॅक्चर झालं असेल तर त्याला कुणीतरी जवळ घेऊन बोलायला हवं असतं.

पडून राहण्याचा धोका मात्र ओळख. हाड मोडतं, प्लास्टर होतं, हालचाल बंद होते, न हललेलं हाड आणखी कमकुवत होतं, स्नायू बारीक होतात, आणि प्लास्टर काढल्यावर तेच हाड पुन्हा मोडतं. या फेऱ्यातून बाहेर पडायला हालचालच लागते: फिजिओथेरपी, आणि जमेल तिथे पाण्यातले व्यायाम, कारण पाणी शरीराचा भार उचलतं. १९५९ साली सोफिल्ड आणि मिलर यांनी वाकलेलं हाड कापून, सरळ करून आत धातूची सळई बसवण्याची शस्त्रक्रिया मांडली. पुढे मुलाच्या वाढीबरोबर लांब होणाऱ्या सळया आल्या. १९९८ साली माँट्रियलमधले फ्रान्सिस ग्लोरिओ आणि सहकाऱ्यांनी तीव्र आजाराच्या मुलांना पामिड्रोनेट शिरेतून दिल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि त्या गटातली औषधं जगभर वापरात आली. आता झोलेड्रॉनिक ॲसिडही देतात. पहिल्या डोसनंतर एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी होऊ शकते, हे आईला आधीच सांगून ठेव. ही औषधं हाडाची घनता वाढवतात. मूळ जनुकदोष तसाच राहतो. आजार मुळापासून काढण्याचा दावा करणारं कुणी भेटलं तर त्या कुटुंबाचा पैसा आणि आशा दोन्ही वाचव.

शाळेबद्दल थोडक्यात: या आजारानं बुद्धीला धक्का लागत नाही. वर्ग तळमजल्यावर, सुट्टीच्या गर्दीआधी पाच मिनिटं बाहेर पडायची सोय, पुस्तकांचा एक संच शाळेतच, आणि फ्रॅक्चरच्या काळात घरी अभ्यास, एवढ्यावर बहुतेकांची शाळा चालते. खेळाच्या तासाला त्याला वर्गात एकटं बसवत असतील तर शिक्षकांशी बोल.

तुझ्या पत्रात सगळा उल्लेख मुलांचाच आहे. ही मुलं मोठी होतात. फ्रेंच पियानोवादक मिशेल पेत्रुच्यानी (१९६२–१९९९) यांना हा आजार होता. उंची जेमतेम तीन फूट. पेडलपर्यंत पाय पोचावेत म्हणून खास जोड वापरत, आणि अनेकदा त्यांना उचलून मंचावर न्यावं लागे. जपायचं म्हणून घरच्यांनी त्यांना पियानोपासून लांब ठेवलं असतं तर ते पटण्यासारखंच वाटलं असतं. ब्रिटनमधली ब्रिटल बोन सोसायटी १९६८ साली सुरू केली ती स्वतः हा आजार असलेल्या मार्गारेट ग्रँट यांनी. मात्र ही नावं घेऊन कुणाला उपदेश करू नकोस. ऑस्ट्रेलियातल्या पत्रकार स्टेला यंग (१९८२–२०१४) यांनाही हाच आजार होता. अपंग माणसांचं रोजचं साधं जगणं इतरांच्या स्फूर्तीसाठी वापरण्याला त्यांचा जाहीर विरोध होता. मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटतं.

उंची कमी म्हणून चाळिशीतल्या बाईशी लोक लाडे लाडे बोलतात आणि प्रश्न सोबतच्या माणसाला विचारतात. तू खुर्ची ओढून तिच्या डोळ्यांच्या पातळीला बस आणि तिच्याशीच बोल. तिला ऐकू कमी येत असू शकतं. या आजारात विशी-तिशीपासून श्रवण कमी होऊ लागणं नवं नाही, तेव्हा तोंड समोर ठेवून बोल. वयात आल्यावर फ्रॅक्चर बहुधा कमी होतात, पण दुखणं आणि थकवा राहतो, पाळी गेल्यानंतर पुन्हा फ्रॅक्चर वाढू शकतात, आणि छाती व कण्याच्या बाकामुळे श्वासाचा त्रास होतो. साधा वाटणारा खोकलाही त्यांच्यासाठी डॉक्टरांकडे लवकर जाण्याचं कारण आहे.

अठरा वर्षं पूर्ण झाली की बालरोग विभागाची दारं बंद होतात आणि प्रौढांच्या डॉक्टरांपैकी अनेकांनी असा रुग्ण कधी पाहिलेलाच नसतो. त्या वयात किती तरी जण उपचारातून गळून जातात. म्हणून दहा-बारा वर्षांचं मूल असेल तेव्हापासून त्याची फाइल त्याच्याच ताब्यात दे: कुठलं हाड कधी मोडलं, कुठे सळई आहे, कुठलं औषध किती काळ घेतलं, कान आणि फुप्फुसांची तपासणी शेवटची कधी झाली. डॉक्टरांसमोर बोलायचं त्यानंच; तू आणि आई बाजूला बसा, आणि त्यानं विचारलं तरच आठवण करून द्या. तुझ्याकडे या वयाची किती मुलं आहेत ते कळव, म्हणजे फाइलचा नमुना आपण मिळून तयार करू.

सस्नेह