सिस्टर, पेशंटशी बोलता ना? मग तेच बोला

सोलापूरच्या सिस्टर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३८, वॉर्डात १५ वर्षं गेली, नर्स म्हणून यूकेला जायचंय. केसपेपर इंग्रजीत लिहिता, पण इंग्रजीत बोलायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटते. मग क्लास कुठला लावू, आणि इंग्रजीची सर्वसाधारण परीक्षा आयईएलटीएस देऊ की आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीची ओईटी? मी मिरजेची. वयाच्या ३६ व्या वर्षी या दोन्ही परीक्षांना बसले, आता डर्बीत आहे. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आकडे आधी उरकते. तिथल्या नर्सिंग कौन्सिलला, म्हणजे एनएमसीला, आयईएलटीएस अ‍ॅकॅडमिकमध्ये ऐकणं, वाचणं, बोलणं या तिन्हींत ७ लागतात आणि लेखनात ६.५. ओईटीत तिन्हींत बी, म्हणजे ५०० पैकी किमान ३५०, आणि लेखनात सी प्लस, म्हणजे किमान ३००. १२ महिन्यांच्या आत दोनदा दिलेल्या परीक्षेचे मार्क काही अटींवर जोडून चालतात. तेव्हा पहिल्यांदा हुकलं तर रडत बसू नका. मी बसले होते, दोन दिवस.

माझं हुकलं ते पाठांतरामुळे. आयईएलटीएसचं स्पीकिंग ११ ते १४ मिनिटांचं असतं. आधी घर-काम-गाव अशा गप्पा, मग एक कार्ड देतात, त्यावर १ मिनिट विचार करून २ मिनिटांपर्यंत बोलायचं, आणि शेवटी त्याच विषयावर जरा खोल चर्चा. आमच्या क्लासने चाळीसेक कार्डांची उत्तरं घोटून घेतली होती. मला आलं ‘उपयोगी पडलेली एखादी वस्तू’, आणि मी पाठ केलेली ‘वाढदिवसाची भेट’ त्यात कोंबली. परीक्षक बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, हल्ली लोक वस्तू दुरुस्त न करता फेकून का देतात? मी गप्प. आमच्या घरातला मिक्सर तीनदा दुरुस्त होऊन आलाय, मराठीत मी यावर अर्धा तास बोलले असते! स्पीकिंगला ६ पडले.

नंतर कळलं की अडचण शब्दांची नव्हतीच. मराठीत आपण क्रियापद शेवटपर्यंत हातात धरून ठेवतो. ‘मी काल ड्यूटीवरून येताना मंडईतून भाजी…’ इथपर्यंत आलं तरी भाजी आणली, विसरली की महाग म्हणून सोडली, हे ठरवायला वेळ असतो. इंग्रजीत तो वेळ मिळत नाही. ‘आय’ म्हटलं की लगेच ‘बॉट’ की ‘फरगॉट’ ते सांगून टाकावं लागतं. मनात मराठी वाक्य जुळवून मग ते उलटवणारा माणूस नेमका ‘आय’नंतर अडकतो आणि अं-अं करत बसतो.

यावर मला भाकऱ्यांनी तारलं. रोज संध्याकाळी भाकरी करताना जे हात करतील ते तोंडाने बोलायचं: आय टेक द फ्लाअर, आय अ‍ॅड हॉट वॉटर. वाक्य चार-पाच शब्दांचं, त्यापेक्षा मोठं नाही. पंधरा दिवसांनी तेच काल केल्यासारखं: आय टुक, आय अ‍ॅडेड. सासूबाईंना आधी वाटलं मी फोनवर आहे. शेजारी मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवायचे आणि रात्री ऐकायचे. पहिल्या रेकॉर्डिंगात दोन मिनिटांत ‘अ‍ॅक्च्युअली’ १९ वेळा आलं होतं. स्वतःचा आवाज ऐकवत नाही, पण ऐका. क्लासपेक्षा मला त्याचा जास्त उपयोग झाला.

उच्चारांचं फार मनावर घेऊ नका. गोऱ्यांसारखं नाक दाबून बोललात तर कुणी जास्तीचे मार्क देत नाही. बोललेलं समजलं पाहिजे, एवढंच बघतात. फक्त आपल्या एका ‘व’मध्ये त्यांचे दोन बसतात. ‘व्हेन’ म्हणजे शीर म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत, ‘वॉर्ड’ म्हणताना ओठांचा चंबू. आरशासमोर आठवडाभर केलंत की पुरे.

आता कुठली परीक्षा? तुम्ही ओईटीच द्या, असं माझं स्पष्ट मत. तिथे बोलण्याच्या भागात समोरचा माणूस पेशंट किंवा नातेवाईक होतो आणि तुम्ही नर्सच असता. सुरुवातीच्या गप्पांना मार्क नसतात. मग असे दोन प्रसंग, प्रत्येकी सुमारे ५ मिनिटांचे, कार्ड वाचायला आधी ३ मिनिटं. समोरचा मार्क देत नाही, रेकॉर्डिंग ऐकून दुसरे देतात, म्हणून त्याच्या चेहऱ्याकडे बघून घाबरू नका.

पण इथेही एक खोच आहे. सरावाला माझी नणंद पेशंट झाली, नुकतंच इन्सुलिन सुरू झालेली. मी सुई कुठे टोचायची, जागा रोज कशी बदलायची, सगळं धडाधड सांगितलं. तिने विचारलं, ‘मग आता मला गोड कधीच चालणार नाही?’ मी म्हटलं, ‘नो.’ ती गप्प झाली, आणि पुढे मलाही काही सुचेना. ओईटीत भाषेबरोबर हेही मोजतात: पेशंटच्या मनातली भीती ओळखलीत का, त्याला आधीच काय माहीत आहे ते विचारलंत का, सांगितलेलं त्याला कळलं की नाही ते पाहिलंत का. तिथे म्हणायला हवं होतं, ‘यू साउंड वरीड अबाउट दॅट. व्हॉट डू यू युज्वली ईट?’ आपल्या वॉर्डातही आपण म्हणतोच ना, ‘काय झालं आजी, जेवण नको का वाटतंय?’ फक्त ‘काही होत नाही हो, मुंगी चावल्यासारखं’ म्हणून विषय उडवायची आपली सवय तिथे सोडा.

परीक्षा पास झाले तरी इथल्या पहिल्याच आठवड्यात एक आजोबा मला ‘मी डक’ म्हणाले आणि ‘स्पेंड अ पेनी’ करायचंय म्हणाले. मी त्यांना दुकान खालच्या मजल्यावर आहे असं सांगितलं. शेजारची नर्स हसत हसत युरिन पॉट घेऊन आली. ‘डक’ म्हणजे इथलं ‘बाळा’, तेही तिनेच सांगितलं.

रोज २० मिनिटं बोलायला दुसरी एखादी नर्स शोधा, व्हिडिओ कॉलवर चालेल. कुणी नाहीच मिळालं तर रविवारी माझी सुट्टी असते, तुमच्या संध्याकाळी फोन करा. पेशंट मी होईन, आणि त्रास देणारी होईन.