घटनादुरुस्तीने आपले हक्क वाढतात की सरकारचे अधिकार?

दोन्ही झालेलं आहे. पण एकच घटनादुरुस्ती वाचायची असेल, तर मी १९७८ ची ४४वी वाचा म्हणेन. मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढणारी, एवढीच तिची ओळख स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये उरली आहे. मीही ती तशीच पाठ केली होती. तिचं मोठं काम वेगळंच आहे.

१९७५ च्या आणीबाणीत कलम २१ साठी, म्हणजे जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्यासाठी, कोर्टात दाद मागण्याची वाट राष्ट्रपतींच्या आदेशाने बंद केली होती. तरीही स्थानबद्धांनी, म्हणजे खटल्याविना डांबून ठेवलेल्यांनी, हेबिअस कॉर्पसचे (डांबलेल्याला कोर्टापुढे आणा आणि अटक कायदेशीर आहे का ते तपासा, असे) अर्ज केले आणि नऊ उच्च न्यायालयांनी ते ऐकता येतात असं म्हटलं. सुप्रीम कोर्टाने २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक मतांनी हे निकाल फिरवले. सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी विचारलं होतं, एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाला ठार मारलं तर? आदेश लागू आहे तोवर कोर्टात दाद नाही, असा सरकारचे वकील, ॲटर्नी जनरल निरेन डे यांच्या उत्तराचा आशय होता. विरोधी मत दिलं ते एकट्या खन्नांनी. पुढच्या जानेवारीत त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश नेमलं, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला.

कोर्टाचं दार असं बंद करण्याची सोय ४४व्या दुरुस्तीने काढून घेतली. आणीबाणीत हक्कांसाठी कोर्टात जाणं थांबवू देणाऱ्या कलम ३५९ मध्ये कलम २० (गुन्ह्याच्या शिक्षेबाबतचं संरक्षण) आणि २१ चा अपवाद घातला. आता आणीबाणीतही या दोन हक्कांना हात लावता येत नाही. आणीबाणी लावण्याच्या कारणांत ‘अंतर्गत अशांतता’ जाऊन ‘सशस्त्र बंड’ आलं. शिवाय आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवावा लागतो. १९७५ मध्ये मंत्रिमंडळालाच दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं होतं!

एक मात्र बघत जा: दुरुस्ती मंजूर कधी झाली आणि लागू कधी झाली. शिक्षणाच्या हक्काची ८६वी दुरुस्ती २००२ ची, लागू झाली १ एप्रिल २०१० ला. खुद्द ४४वीतही एक तुकडा अडकलेला आहे. सल्लागार मंडळाच्या (स्थानबद्धतेला पुरेसं कारण आहे का हे पाहणाऱ्या मंडळाच्या) अभिप्रायाशिवाय माणसाला स्थानबद्ध ठेवण्याची कमाल मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणायची होती. तेवढ्या भागाची तारीख सरकारने जाहीर करायची होती. त्यानंतर कितीतरी सरकारं आली, वेगवेगळ्या पक्षांना संधी मिळाली, पण ती तारीख कोणीच जाहीर केली नाही. आकडा अजून तीनच आहे.