खांद्याची शस्त्रक्रिया: निर्णयापूर्वी

एमआरआयच्या अहवालात ‘टेअर’ (म्हणजे चीर) हा शब्द वाचून लगेच शस्त्रक्रियेची तारीख ठरवू नका. खांद्याला स्थिर ठेवणाऱ्या रोटेटर कफच्या 4 स्नायूंच्या कंडरांमध्ये (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या पट्ट्यांमध्ये) वयानुसार झीज होतेच, आणि चाळिशी-पन्नाशीनंतर काहीही दुखत नसलेल्या अनेकांच्या एमआरआयमध्येही अशा चिरा दिसतात. त्यामुळे केवळ चित्रापेक्षा हात किती उचलता येतो, ताकद किती उरली आहे आणि रात्री झोप लागते का, हे अधिक महत्त्वाचे आहे.

कंडरा अर्धवट फाटलेली असेल, तर 6 ते 12 आठवडे नियमित फिजिओथेरपी मनापासून करून पाहावी, असे माझे ठाम मत आहे. वेदना कमी झाली की व्यायाम सोडणारेच पुढे अडचणीत येतात. मात्र पडल्यामुळे कंडरा पूर्ण तुटली असेल आणि हात अचानक उचलता येईनासा झाला असेल, तर वाट पाहणे योग्य नाही, कारण तुटलेले टोक मागे खेचले जाते, स्नायूत चरबी साठू लागते आणि नंतरची दुरुस्ती अवघड होते. तरुण वयात सांधा वारंवार निखळत असेल, तरीही तज्ज्ञांना लवकर भेटावे.

शस्त्रक्रिया केली तरी हात साधारण 4 ते 6 आठवडे स्लिंगमध्ये (गळ्यात अडकवलेल्या झोळीत) राहतो आणि पूर्ण ताकद परतायला 6 महिने ते वर्ष लागते. त्या काळात अंघोळ, कपडे घालणे, वाहन चालवणे यांसाठी मदत कोण करणार, हे आधीच ठरवा. शल्यविशारदांना एवढे नक्की विचारा, की शस्त्रक्रिया न केल्यास माझ्या खांद्याचे पुढे काय होईल?