अमेरिकेतल्या छोट्या गावच्या एपिस्कोपल चर्चचा (म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडमधून निघालेल्या अमेरिकी पंथाच्या चर्चचा) कारभार पूर्वी कसा चालायचा? आणि आता?

व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गचं ब्रूटन पॅरिश (पॅरिश म्हणजे एका चर्चखालचा परिसर) घ्या. पॅरिश १६७४ चं, आताची विटांची इमारत १७१५ ची. स्वातंत्र्याआधी हे सरकारी चर्च. वेस्ट्री, म्हणजे गावातल्या बड्या धेंडांचं पंचमंडळ, लोकांकडून कर वसूल करायचं, तोही तंबाखूत. त्यातून पाद्रीबुवांचा पगार निघायचा, शिवाय निराधारांचा आणि अनाथ पोरांचा खर्चही. अर्धी ग्रामपंचायतच म्हणा ना. प्रार्थनेला दांडी मारली तर दंड!

गावातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजच्या मुलांना चर्चमध्ये वेगळी गॅलरी होती. तिच्या कठड्यावर त्यांनी कोरलेली आद्याक्षरं अजून दिसतात. (पोरं सगळीकडे सारखीच.) गुलामांचेही बाप्तिस्मे व्हायचे, पण त्याने गुलामी सुटत नसे, व्हर्जिनियाने १६६७ मध्ये तसा कायदाच करून ठेवला होता. धर्म एकीकडे, मालकी एकीकडे.

स्वातंत्र्यानंतर कर बंद झाला, १७८९ मध्ये एपिस्कोपल चर्चची स्वतंत्र घडी बसली आणि सगळं वर्गणीवर आलं. १९२० च्या दशकात इथले रेक्टर, म्हणजे मुख्य पाद्री, गुडविन यांनी तेलसम्राटाचे चिरंजीव धाकटे रॉकफेलर यांना गळ घालून जुन्या गावाचाच जीर्णोद्धार करून घेतला. वेस्ट्री आजही आहे, फक्त ती सभासद निवडून देतात. आणि संध्याकाळी मेणबत्त्यांच्या उजेडात मैफली होतात, त्यांना कुणीही जाऊ शकतं.