अ‍ॅल्युमिनियममध्ये सिलिकॉन कार्बाइड किती टक्के घातलं की घासून होणारी झीज सर्वांत कमी होते? घर्षणही कमी होतं का?

‘जितकं जास्त, तितकी झीज कमी’ असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर विसरा. याच वाक्यावरून माझं आणि माझ्या गाइडचं वाजलं होतं.

एलएम25 या अ‍ॅल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातूत सिलिकॉन कार्बाइडचे 10 आणि 20 टक्के कण घालून स्टर कास्टिंगने, म्हणजे वितळलेल्या धातूत कण ढवळून, झीज मोजायच्या छोट्या दांड्या म्हणजे पिना ओतल्या होत्या. फिरत्या डिस्कवर सिलिकॉन कार्बाइडचा भरड पॉलिश पेपर चिकटवून त्यावर घासल्या, तर 20 टक्केवाली जास्त झिजली. सर म्हणाले, पिन नीट बसली नसेल, पुन्हा घे. तीनदा घेतलं, तेच आलं. शेवटी पिन कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. कण गठ्ठ्यागठ्ठ्याने बसलेले, मध्ये काळी छिद्रं, आणि घासलेल्या बाजूला कण उपटून गेल्याच्या रिकाम्या खाचा. उपटलेला कण मध्ये अडकून पिनेलाच ओरबाडतो. काप दाखवूनसुद्धा 20 टक्क्यांचे आकडे प्रबंधातून काढायला लावले. ते आजही खुपतं.

पेपरवरचे कणही त्याच कार्बाइडचे, कठीणपणा विकर्स या मापात 2500 च्या आसपास. तिथे आतल्या कणाला वरचढपणा उरतच नाही. समोर वाळू असेल तर गोष्ट वेगळी, क्वार्ट्‌झ 1100 च्या आसपास, तो कणावर बोथट होतो. शिवाय आतला कण ओरखड्याच्या रुंदीपेक्षा बारीक असेल तर मऊ धातूसकट उकरला जातो. म्हणून टक्क्यांआधी कणाचा आकार आणि धातूची कणावरची पकड बघा. कण आधी तापवून घ्या, थोडं मॅग्नेशियम घाला. सिलिकॉन कमी असलेला धातूचा रस फार तापवू नका, अ‍ॅल्युमिनियम कार्बाइड तयार होऊन पकडच जाते.

घर्षणाचं म्हणाल तर कोरड्या पोलादावर ते बऱ्याचदा कमी भरतं, पण तेवढ्यावर खूश होऊ नका. कण समोरची पोलादाची डिस्क खरवडतात, ते लोखंड पिनेवर थर होऊन बसतं आणि पिनेची झीज कमी दिसते. सर फक्त पिनेचं वजन मोजायचे, तेही घनतेने भागून आकारमान न काढता.

हे सगळं स्टर कास्टिंगपुरतं. पावडर मेटलर्जीत, म्हणजे धातूची भुकटी दाबून-तापवून वस्तू बनवताना, 20 टक्केही बऱ्यापैकी एकसारखे पसरतात, तिथे माझा अनुभव जसाच्या तसा लावू नका. डिस्कचं वजन मात्र तिथेही करा.