सगळं डीएनएवरून कळतं तर फिजिकल अँथ्रोपॉलॉजीत हाडं मोजायला अजून का शिकवतात?

कारण सगळं डीएनएवरून कळत नाही. उत्तर खरं तर इथेच संपलं, पण तुम्ही प्रश्नाखाली 'कॅलिपर घेऊन कवट्या मोजणं म्हणजे निव्वळ टाइमपास वाटतो' असं लिहिलंयत, त्यामुळे आता लांबण लागणार, इलाज नाही. पहिलं सेमिस्टर आहे, ऑस्टिऑलॉजीचं, म्हणजे हाडांचं, प्रॅक्टिकल बोअर होतंय, आणि मानवी उत्क्रांती शिकायला सुरुवात कुठून करू असंही विचारलंयत. त्याच्याकडे शेवटी येते, जमलं तर.

माझी हॉस्टेलची रूममेट हेच म्हणायची, जवळपास ह्याच शब्दांत. बीएस्सीला आम्ही एकाच बाकावर, मग एमएस्सीला ती मॉलिक्युलरकडे, म्हणजे डीएनएकडे, गेली आणि मी हाडांत राहिले. डेनिसोव्हाची बातमी तेव्हा ताजी होती. सैबेरियात अल्ताय डोंगरातल्या डेनिसोव्हा गुहेत करंगळीच्या टोकाचं एक हाड सापडलेलं, तेही एका मुलीचं, आणि त्यातून २०१० मध्ये डीएनए काढल्यावर कळलं की ही ना आपल्यातली ना निअँडरथल (आपले नामशेष झालेले चुलत), तिसराच कुठलातरी मानवगट. चेहरा माहीत नाही, उंची माहीत नाही, सांगाडा नाही, पण जीनोम, म्हणजे अख्खा डीएनए, आहे! असं आधी कधी झालंच नव्हतं, आणि त्यावर सेमिनार द्यायचा मान अर्थातच हिला मिळाला. दिला पण झकास, नाही म्हणत नाही. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाली, 'ह्या टोकाला तुझं कॅलिपर लावून काय सांगितलं असतंस गं?' वर्ग हसला, सरही हसले. वर हेही ऐकवलं, 'डीएनए म्हणजे ओरिजिनल, हाडं म्हणजे झेरॉक्स.' हे झेरॉक्सवालं मला इतकं लागलं की अजून विसरलेले नाही.

त्याच संध्याकाळी मी तिला लॅबमध्ये ओढत नेलं. एक माणसाचं फीमर, म्हणजे मांडीचं हाड, घेतलं, एक चिंपँझीच्या फीमरचं कास्ट, म्हणजे साच्यातली नक्कल. म्हणलं मोजू नकोस, कॅलिपरला हातही लावू नकोस, फक्त गुडघ्याकडचे दोन्ही गोळे, म्हणजे काँडाइल, टेबलावर सपाट टेकव आणि हाड उभं कर. चिंपँझीचं जवळपास सरळ उभं राहिलं. माणसाचं काही केल्या सरळ राहीना, दोन्ही गोळे टेकवले की दांडा बाहेरच्या बाजूला कलतो, आणि दांडा सरळ धरला की एक गोळा उचलला जातो. तिने दोनतीनदा करून बघितलं, हाड उलटंसुलटं करून बघितलं, मग विचारते, 'तुटकं आहे का हे?' तुटकं नव्हतं. आपल्या सगळ्यांचं फीमर असंच असतं. खुब्यापासून गुडघ्यापर्यंत आत झुकत येतं, त्यामुळे दोन्ही गुडघे आणि पावलं शरीराच्या मधोमध येतात आणि एक पाय उचलला तरी आपण दुसऱ्या पायावर तोल सांभाळतो. चिंपँझीचे गुडघे लांब लांब, म्हणून तो दोन पायांवर चालला की डावीउजवीकडे झोके खात चालतो. ह्याला बायकाँडायलर अँगल म्हणतात, तुमच्या सिलॅबसमध्ये अर्ध्या ओळीत असेल आणि तुम्ही ती ओळ वगळली असेल.

ती म्हणाली, 'बरं मग? कोन आहे. तोही जीनमध्येच असणार ना कुठेतरी?'

ह्याचीच मी वाट बघत होते. नवजात बाळाच्या फीमरला हा कोन नसतोच, त्याचं हाड सरळ असतं. मूल उभं राहायला लागतं, चालायला लागतं, वजन पडायला लागतं तसा तो पहिल्या काही वर्षांत तयार होत जातो. आणि जी मुलं आजारामुळे कधी चालूच शकत नाहीत त्यांच्यात तो येत नाही. म्हणजे एखाद्या फीमरमध्ये हा कोन दिसला तर ते हाड तुम्हाला 'मी चाललो' असं सांगतंय. 'मला चालता आलं असतं' असं नाही, 'मी चाललो'. जीनोम तुम्हाला वारसा सांगेल, त्या वारशाचं त्या बाईने किंवा पुरुषाने आयुष्यभर काय केलं ते हाडावर लिहिलेलं असतं. मग सांगा ओरिजिनल कुठलं आणि झेरॉक्स कुठली.

तिचं उत्तर होतं की क्षमता तर जीनमधूनच येते ना, कोन घडवणारी वाढ तरी कुठून येते. मुद्दा बरोबर आहे, पण माझा मुद्दा त्याने खोटा पडत नाही आणि ती आजपर्यंत तसं मानायला तयार नाही.

बरं, हे काही नुसतं टेबलावरचं कौतुक नाहीये. १९७३ मध्ये इथिओपियात हदारला डोनाल्ड जोहान्सनला गुडघ्याचा सांधा सापडला, फीमरचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं. ना कवटी, ना दात. दोन तुकडे एकमेकांना लावून बघितले तर तोच कोन! साधारण ३४ लाख वर्षांपूर्वी कुणीतरी दोन पायांवर चालत होतं हे एका गुडघ्यावरून कळलं. ल्युसी, म्हणजे तिथलाच तो प्रसिद्ध अर्धामुर्धा सांगाडा, त्यानंतरच्या वर्षी, १९७४ ला सापडली आणि ती प्रसिद्ध झाली, गुडघा बिचारा मागे राहिला. त्या हाडांतून डीएनए काढून दाखवा कुणीतरी. नाही निघणार. डीएनए उष्णतेत टिकत नाही, तुटत जातो. मानवकुळातला सगळ्यात जुना न्यूक्लियर (पेशीच्या केंद्रातला) डीएनए मिळालाय तो स्पेनच्या सिमा दे लोस हुएसोसमधून, साधारण ४ लाख ३० हजार वर्षांचा, तोही थंड खोल गुहेत सुरक्षित राहिला म्हणून. आपल्या कुळाची वाट चिंपँझीपासून वेगळी झाली ती ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी. म्हणजे गोष्टीचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग असा आहे जिथे सिक्वेन्सर (डीएनए वाचायचं यंत्र) घेऊन गेलात तर हात हलवत परत याल. तिथे हाडं, दात आणि दगडी हत्यारं, बास. प्रोटीन थोडं जास्त टिकतं, होमो अँटेसेसर ह्या जुन्या मानवजातीच्या ८ लाख वर्षांच्या दातातून काढलंय, पण त्यातून मिळणारी माहिती जीनोमच्या मानाने अगदीच तुटपुंजी.

आणि डीएनए मिळाला तरी काय काय कळत नाही बघा. इराकमधल्या शानिदार गुहेतला तो म्हातारा निअँडरथल, शानिदार १. त्याच्या डाव्या डोळ्याच्या खोबणीवर जबर मार बसलेला आणि तो भरून आलेला, म्हणजे एक डोळा बहुतेक गेलेला. उजवा हात वाळून बारीक झालेला, कोपराखालचा भाग नाहीच. कानात हाड वाढलेलं, म्हणजे ऐकूही नीट येत नसणार. एवढं सगळं होऊन गडी पुढे कित्येक वर्षं जगला, चाळिशीपर्यंत पोचला, निअँडरथलांत म्हणजे म्हाताराच. कसा जगला, कुणी सांभाळलं, ह्यावर लोक अजून भांडतायत. पण भांडायला विषय मिळाला तो हाडांमुळे. अख्खा जीनोम वाचला असतात तरी त्याचा हात वाळलाय हे कळलं नसतं.

आता दुसरी बाजू, नाहीतर म्हणाल बाई एकतर्फी लिहितायत.

कवट्या मोजण्याचा इतिहास घाणेरडा आहे. डोक्याची रुंदी भागिले लांबी गुणिले शंभर, हा सेफॅलिक इंडेक्स घेऊन माणसांचे वंश पाडायचे, त्यांची उतरंड लावायची, आणि हे शास्त्र म्हणून वर्षानुवर्षं शिकवायचं. फ्रान्झ बोआस ह्या मानवशास्त्रज्ञाने १९१० च्या सुमारास अमेरिकेत आलेल्या स्थलांतरितांची आणि तिथे जन्मलेल्या त्यांच्या मुलांची डोकी मोजली तर आकार एका पिढीत बदललेला. म्हणजे ज्याला हे लोक वंशाचा शिक्का समजत होते तोच पक्का नव्हता. ह्यावर पुढे आकडेवारीचे वाद झाले, फरक किती मोठा म्हणायचा वगैरे, पण त्या उतरंडीला आधार काही कुणाला सापडला नाही. आणि १९९६ मध्ये अमेरिकेत केनेविकचा सांगाडा मिळाला तेव्हा कवटी बघून हा युरोपियन दिसतो असं सांगितलं गेलं, २०१५ ला डीएनए काढला तर तो तिथल्याच मूळ रहिवाशांच्या जवळचा निघाला. तेव्हा कुणी कवटी हातात घेऊन छातीठोक 'हा अमुक वंशाचा' म्हणाला तर तिथून उठा. मापं घ्यायला शिका, मापांवरून माणसांचे कप्पे पाडायला नको. आमच्या एका प्रॅक्टिकलला अजून त्याच जुन्या कप्प्यांची नावं लिहायला लावायचे, मी वाद घातला आणि मार्क गेले, जाऊ दे.

आणि ते डेनिसोव्हाचं करंगळीचं टोक. त्याचा आकार नंतर खरंच अभ्यासला गेला, २०१९ ला निष्कर्ष आला की ते निअँडरथलपेक्षा आपल्या बोटासारखं जास्त आहे. म्हणजे मला ते नुसतं कॅलिपरवर दिलं असतं तर मी 'आधुनिक माणूस' लिहून मोकळी झाले असते. रूममेटला हे माहीत आहे, तिनेच लिंक पाठवली होती, सोबत हसण्याची इमोजी.

पण पुढचंही ऐका. चीनमधली हार्बिनची कवटी, निदान १ लाख ४६ हजार वर्षांची, भुवयांवर दणदणीत हाड, मेंदू आपल्याएवढा. २०२१ ला हाडवाल्यांनी तिला होमो लाँगी असं नवं नाव दिलं. २०२५ ला तिच्यातली प्रोटीन्स आणि दातावरच्या किटणातला मायटोकाँड्रियल डीएनए (फक्त आईकडून येणारा) तपासला तर ती डेनिसोव्हन, म्हणजे त्या करंगळीवाल्या मुलीच्याच गटातली! रूममेटचा मेसेज लगेच, 'बघ, कोण होती ते शेवटी डीएनएनेच सांगितलं.' मी लिहिलं, बाई, पंधरा वर्षं तुझ्याकडे जीनोम होता, चेहरा कुठे होता? तो कवटीने दिला. त्यावर अजून रिप्लाय नाही आणि बघितल्याच्या दोन निळ्या टिका दिसतायत.

तर तुमचा दुसरा प्रश्न, सुरुवात कुठून. मानवाच्या वंशवृक्षाची ती फांद्याफांद्यांची आकृती पाठ करू नका, शिकून बाहेर पडेपर्यंत निम्मी बदललेली असते. तीन जागा नीट शिका: फीमर, पेल्विस (कमरेचं हाड) आणि कवटीच्या बुडाचं मोठं भोक, फोरॅमेन मॅग्नम. ते भोक कुठे आहे ह्यावरून डोकं कण्यावर कसं बसत होतं ते कळतं, रेमंड डार्टने १९२५ ला दक्षिण आफ्रिकेतल्या ताउंगच्या पिल्लाच्या कवटीवरून, ते दोन पायांवर चालायचं, असा दावा केला आणि मोठमोठ्या लोकांनी त्याला उडवून लावलं, कारण तेव्हा त्यांचा जीव इंग्लंडमधल्या पिल्टडाउनच्या बनावट कवटीवर जडला होता. (ती कवटी १९५३ ला पकडली गेली. जबडा ओरांगउटानचा, दात कानशीने घासलेले, आणि जबडा कवटीला जिथे जोडतो तेवढाच भाग बरोब्बर मोडलेला. हाडं नीट बघता येणारा माणूस कशाला लागतो, त्याचं हे आणखी एक उत्तर.) एप कुळातल्या पिल्लांत ते भोक मुळातच पुढे असतं, त्यामुळे नुसत्या त्या एका खुणेवर विसंबू नका, पेल्विस आणि गुडघा बघितल्याशिवाय दोन पायांचं काही बोलू नका.

जेनेटिक्सचा पेपर ऑप्शनला असेल तर घ्या, मी घेतला नाही आणि मला त्याची खंत नाही, पण तुमच्या बॅचला तो लागेल. पॉप्युलेशन जेनेटिक्सचं गणित आधी, लॅबची टेक्निक नंतर.

आणि स्पॉटिंगला (प्रॅक्टिकलला समोर ठेवलेलं हाड ओळखायचं असतं ते) हाडाच्या नावापुढे डावं की उजवं ते लिहायचं. फीमरचं डोकं आत, खरखरीत उभी कड मागे, एवढं धरलं की झालं. नुसतं 'फीमर' लिहून उठू नका.